ओहोटीला उघडा पडणारा तळ

माझा भाऊ समुद्राच्या तळाचा चिखल काढायच्या नोकरीवर होता. गावात असं सांगितलं की लोक हसायचे. आमचं गाव तापीच्या काठचं, अमळनेर आणि चोपड्याच्या मधलं. चिखलाला आमच्याकडे तोटा नव्हता, आणि तो बघायला सरकार कुणाला पगार देईल हे कुणाच्या डोक्यात शिरत नसे. पारावर बसलेले म्हातारे आमच्या वडिलांना थांबवून विचारायचे, "आबा, पोऱ्या काय करस तठे?" आबा म्हणायचे, "गाळ काढस. दर्यामातला." आणि स्वतःच थोडं हसून पुढे चालू लागायचे. त्या हसण्यात अभिमान होता, तो मला दिसायचा.

भाऊ माझ्याहून मोठा. जळगावला कॉलेज केलं, मग पुण्याला भूगर्भशास्त्र शिकला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्याला एका पाहणीत काम मिळालं. तापी जिथं समुद्राला मिळते त्या आखाताच्या तळाशी काय साचलंय, ते कुठून आलंय, त्यात काय काय मिसळलंय हे तपासायचं काम. नोकरी कायमची नव्हती, पाहणी चालेल तोवरचीच. पण तो खूष होता. आपल्या दारावरून जाणारी नदी शेवटी काय करते ते बघायला आपल्याला पाठवलंय, असं म्हणायचा.

माझं लग्न होऊन मी धुळ्याला आले होते, शाळेत शिकवत होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायची आणि तो सुरतेच्या गाडीने यायचा. कडुनिंबाला झोका बांधलेला असायचा, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस. एका आखाजीला त्याने पिशवीतून एक वाळलेला काळा गोळा काढून ओट्यावर ठेवला. माय चुलीपाशी होती, तिथूनच ओरडली, "घरमा चिखल कसाले आना रे?"

"माय, आपलाच शे हाऊ. तापी लई गयथी, मी परत लई उनू."

तापीने वाहून नेलेला तो गोळा आबांनी हातात घेऊन बोटांनी चुरला. मी लहान असताना आलेल्या मोठ्या पुरात आमच्या नदीकडच्या शेताची एक पट्टी बांधासकट वाहून गेली होती. आबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मना बांध भी दिसना का तठे?"

"दिसना तं सांगसू," भाऊ म्हणाला, आणि दोघं इतके हसले की मायही हसली.

दुपारी सगळे लवंडले तेव्हा त्याने मला ओट्यावर बसून नीट समजावून सांगितलं. होडीतून एक लांब नळी तळात खुपसायची, वर ओढायची, मग ती उभी चिरायची. आत गाळाचे थर दिसतात. खालचे थर जुने. त्यात बारीक बारीक शिंपले असतात, रवाळ, डोळ्यांना धड न दिसणारे, पण काचेखाली धरले की एकेक नक्षी. वर येत जावं तसे ते कमी होत जातात. सगळ्यात वरचा थर काळाकुट्ट, हात लावला तर तेलकट, आणि त्याला घासलेटासारखा वास. गिरण्यांच्या रंगाचं पाणी, कारखान्यांचं पाणी, सगळं नद्या-नाल्यांतून तिथं जाऊन बसतं, असं तो म्हणाला. किनाऱ्यावरची तिवराची झाडं तोडली जात होती. कोळी सांगायचे की मासळी लांब गेली.

"मग तुम्ही सांगत का नाही कुणाला?" मी विचारलं.

"सांगतो ना. पण समुद्र वरून तसाच दिसतो. लाटा तशाच, पाणी तसंच. तळ मेला तर कुणाला कळणार? माणसाच्या पोटातलं दुखणं जसं."

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्याचं लग्न ठरलं. मुलगी फैजपूरची, केळीबागायतदाराची. बी.एस्सी. झालेली, शांत, पण बघायच्या कार्यक्रमात तिनेच उलटा प्रश्न विचारला होता, तुम्हाला पाण्याची भीती नाही वाटत का? आमच्या मायला तो प्रश्न फार आवडला. घरी येताना म्हणाली, हिला पोऱ्याची काळजी आहे. भावाने तिला काय उत्तर दिलं ते मी ऐकलं होतं. तो म्हणाला, "तिथं ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की मैलभर जमीनच दिसते. भीती कशाची?" सुपारी फुटली. आखाजीनंतरचा मुहूर्त धरायचा ठरलं.

जानेवारीत, शाळेच्या मधल्या सुट्टीत, शिपाई मला बोलवायला आला. फाटकाशी एक तरुण उभा होता, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने कडक झालेले. भावाबरोबर होडीवर काम करणारा मित्र. एकदा तो भावाबरोबर माझ्याकडे जेवून गेला होता, म्हणून त्याला धुळं माहीत होतं, गाव माहीत नव्हतं. मुलं डबे खात होती, आरडाओरडा चालला होता. तो मला म्हणाला, "ताई, जरा बाजूला येता का?" आणि मी बाजूला गेले नाही. जाऊ नये असंच वाटलं. शेवटी त्याने तिथंच, फाटकाशीच सांगितलं.

ते नेहमीसारखे नमुने घ्यायला गेले होते. ओहोटीला पाणी झपाट्याने उतरलं आणि होडी एका वाळूच्या उंचवट्यावर टेकली. तिथं असं होतंच. भरतीची वाट बघायची, होडी आपोआप तरंगते. बाकीचे होडीतच बसले. भाऊ म्हणाला, एरवी जिथं नळी टाकून अंदाजाने गाळ काढतो ती जागा आज उघडी पडलीय, डोळ्यांनी बघून घेतो. नळी घेऊन तो खाली उतरला आणि चालत गेला, समुद्राच्या तळावरून. मधून मधून वाकून काहीतरी बघत होता, हात वर करून होडीतल्यांना दाखवत होता. मग पाणी परतलं. तिथलं पाणी समोरून येत नाही, आजूबाजूच्या घळींतून आधी पाठीमागून येतं. होडीतल्यांनी हाका मारल्या. तो परत फिरला. होडी तरंगली तेव्हा त्याच्या आणि होडीच्या मधे ओढ्यासारखं पाणी धावत होतं. मग तो दिसेनासा झाला. दिवस मावळेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी कोळ्यांच्या सगळ्या होड्या गेल्या. सापडला नाही.

मी, माझे यजमान आणि तो मित्र एसटीने गावाकडे निघालो. अमळनेर मागे पडल्यावर मी त्याला विचारलं, "तो तर फार चांगला पोहायचा. पुरात पोहायचा. मग?"

तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "पोहायला मिळालं असतं तर आला असता, ताई. तिथला गाळ मांडीपर्यंत धरतो." आणि मग म्हणाला, "घरी नका सांगू हे."

कापसाची वेचणी चालू होती. आबा शेतात होते, माय ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. आम्हाला तिघांना असं अवेळी बघून ती उठली. आबांना बोलावून आणलं. यजमानांनीच सांगितलं, मला जमलं नाही.

मायने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पव्हता येस त्याले."

"मामी, तीन दिवस..." यजमान म्हणाले.

"पव्हता येस. कोठेतरी निंघना व्हई. दखा नीट."

आबांनी टोपी घातली. मायने भाकरी आणि ठेचा बांधून दिला, वर भावाचा राखाडी स्वेटर ठेवला. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "सापडस तव्हय थंडी वाजी ना त्याले."

तो स्वेटर मांडीवर घेऊन आबा सुरतेच्या गाडीत माझ्या शेजारी बसले. नंदुरबार गेलं, नवापूर गेलं, डोंगर आले, रानं आली. आबांनी आयुष्यात समुद्र बघितला नव्हता. माझ्याही मनात समुद्र म्हणजे निळा, कॅलेंडरवरचा. तिथं पोहोचलो तर समोर नुसतं तपकिरी पसरलेलं, आकाशापर्यंत. पाणी नव्हतंच, ओहोटी होती. चिखलावर बारीक नागमोडी रेषा, कुठं कुठं चमकणारी डबकी, आणि लांब कुठंतरी पाण्याची एक पांढरी कड. वास असा, की भावाने सांगितलेला तो हाच हे मला लगेच कळलं. आबा चपला काढून खाली उतरले. दोन-चार पावलांतच पोटरीपर्यंत रुतले. एका कोळ्याने धावत जाऊन त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. तो गुजरातीत काहीतरी रागावून बोलला, मग आम्ही कोण ते कुणीतरी त्याला सांगितलं, तसा तो खाली बसला आणि आपल्या पंच्याने आबांचे पाय पुसू लागला. आबा उभे राहिले. त्यांनी त्याला पुसू दिलं.

आम्ही तिथं कोळीवाड्याजवळ एका धर्मशाळेत राहिलो. रोज ओहोटीला आबा काठाने चालत, मी मागे. कोळ्यांच्या बायका वरून बघायच्या. एक जण रोज चहा आणून द्यायची. होड्या अजून जात होत्या, पण आता मासळीसाठी, आणि परत आल्यावर होडीचा म्होरक्या तांडेल आबांकडे बघून मान हलवायचा.

पाहणीच्या प्रमुख एक मॅडम होत्या, पुण्याकडच्या. केस पांढरे व्हायला लागलेले, एकट्या राहणाऱ्या. त्या रोज येऊन बसायच्या. एके दिवशी आबा त्यांना म्हणाले, तो काय करायचा ते मला बघायचं आहे. त्या आम्हाला घेऊन गेल्या. लांब खोली, भिंतीला मांडण्या, आणि मांडण्यांवर नळ्या आडव्या ठेवलेल्या. प्रत्येकीवर कागदाची पट्टी, त्यावर भावाचं अक्षर. मॅडमनी एक चिरलेली नळी टेबलावर ठेवली. खाली फिकट, मग पट्ट्यापट्ट्यांचा, वर काळा. या खालच्या टोकाची माती आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळची असेल, त्या म्हणाल्या. वर नदीवर धरण झालं तेव्हापासून तुमच्याकडचा गाळ कमी यायला लागला, त्याचा थर इथं पातळ झालेला दिसतो. आणि हा काळा, कारखान्यांचा.

आबांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "बाई, तठे काही पडनं तं त्यानावर गाळ येवाले किती वखत लागस?"

मला वाटलं मॅडमना भाषा कळली नाही. पण त्यांना कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "आबा, तिथं गाळ एका जागी राहत नाही. भरती उचलते, ओहोटी दुसरीकडे नेऊन टाकते. मी तुम्हाला काहीतरी सांगून टाकलं असतं, पण खरं म्हणजे मला सांगता येणार नाही."

आबांनी मान डोलावली. "आनि पाय रुतनात ना त्याना?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"हो," त्या म्हणाल्या.

"माले वाटनंच व्हतं," आबा म्हणाले. "पव्हणारा मानूस असा जास नही." नळीच्या कडेला गाळाचा एक कण टेबलावर सांडला होता, तो त्यांनी बोटाने उचलून परत नळीत ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही परतीच्या गाडीत बसलो.

मायने पिशवी उघडली. स्वेटर तसाच घडी केलेला होता. तिने तो काढला, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवला. लोक भेटायला आले तर तिने त्यांना चहा केला. बायका रडायला लागल्या की म्हणायची, "रडतस कसाले? मना पोऱ्या गावले जायेल शे." हळूहळू बायका यायच्या बंद झाल्या. गावातल्या भटजींनी आबांना सांगितलं की देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा देह करून विधी करता येतो. आबांनी ते घरी सांगितलं तेव्हा मी तिथं होते. माय परातीत पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "पानंसना पोऱ्या मी जाळू देवाव नही." आबा उठून बाहेर गेले. त्या दोघांत त्यावरून भांडण झालं नाही, बोलणंच कमी झालं. रात्रीची भाकरी ती वाढायची, ते खायचे, एवढंच उरलं.

आखाजी आली. मी गेले, पण झोका बांधलेला नव्हता. सकाळी आंघोळ करून मायने ट्रंकेतून नवी साडी काढली, सुनेसाठी घेऊन ठेवलेली, हिरवी. मला म्हणाली, "चाल, फैजपूर जाई येऊत."

कशाला, हे मी विचारलं नाही. ती काय म्हणेल याची मला भीती वाटत होती. चोपड्याला गाडी बदलली, यावलवरून पुढे केळीच्या बागा लागल्या. ऊन कडक, पण बागांतून गाडी जाताना अंगावर गारवा यायचा. माय साडीची पिशवी पोटाशी धरून बसली होती.

मुलीकडे आम्हाला बघून सगळ्यांची धांदल उडाली. तिच्या वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं. तेही काय बोलावं या विवंचनेत होते. त्यांनी तोवर दुसरं स्थळ बघितलं नव्हतं. मायने पाणी प्यायलं आणि सरळ म्हणाली, "दादा, पोरनं लगीन करी टाका. वाट दखू नका."

ते गडबडले. "अक्का, पण तुम्हीच तर म्हणता की तो येईल."

"मी माय शे," ती म्हणाली. "मी वाट दखसू. तिनी कसाले दखानी?"

मुलगी आतल्या दारात उभी होती. मायने तिला जवळ बोलावलं, खाटेवर बसवलं, साडी तिच्या ओटीत घातली आणि डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला. मुलगी मायच्या मांडीवर डोकं टेकून रडली, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. तिची आई भिंतीला टेकून उभी होती. माय रडली नाही. "चांगलं घर दखा," एवढंच तिच्या वडिलांना म्हणाली आणि आम्ही न जेवताच निघालो. त्यांनी आग्रह केला, पण तिला घास उतरणार नव्हता हे त्यांनाही दिसत होतं.

परतीच्या वाटेवर गाडी तापीच्या पुलावर आली. उन्हाळ्याची नदी, वाळूत इकडे तिकडे पाण्याच्या दोऱ्या. तिथं मायचा धीर सुटला. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता तरी आवाज सगळ्या गाडीत गेला. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला. मागची एक म्हातारी उठून आली आणि ओळखपाळख नसताना मायच्या पाठीवरून हात फिरवत उतरेपर्यंत शेजारी बसून राहिली. गावाच्या फाट्यावर उतरलो तेव्हा माय मला म्हणाली, "तुना आबाले सांग. करा म्हना काय करानं शे ते."

विधी तापीकाठी झाला. मॅडम आणि तो मित्र दोघं आले होते. आबांनी पळसाची पानं स्वतः तोडून आणली होती. भटजी सांगतील तशी मांडत होते, आणि डोक्याच्या जागी ठेवायचा नारळ त्यांनी हातातच धरून ठेवला, तेव्हा माझ्या यजमानांनी त्यांच्याबरोबर तो खाली टेकवला. बायका त्या वेळी नदीवर जात नसत. माय मात्र गेली, सगळ्यांच्या मागे जरा अंतरावर उभी राहिली. धूर वर गेला तेव्हा आबा मागे वळून तिच्याकडे चालत गेले आणि दोघं एकमेकांना धरून उभे राहिले. भरल्या गावासमोर. मी त्यांना तसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

फैजपूरच्या मुलीचं पुढल्या वर्षी भुसावळला लग्न झालं. आमच्याकडे निमंत्रण होतं. आबा एकटेच जाऊन आले, मुलगा चांगला आहे म्हणाले.

पाहणी त्यानंतर फार दिवस चालली नाही. भावाच्या जागी कुणाला घेतलं नाही, मग होडी बंद झाली, मग मॅडमची बदली झाली. नव्वदच्या सुमारास आबा गेले, आणि मायला मी धुळ्याला घेऊन आले. मॅडम निवृत्त झाल्यावर एकदा आमच्याकडे उतरल्या. नंतर वर्षा-दोन वर्षांनी येतच राहिल्या. मायची अहिराणी त्यांना अर्धीच कळायची, त्यांचं पुस्तकी मराठी मायला तेवढंच. तरी दोघी दुपारभर गच्चीवरच्या सावलीत बसायच्या. माय वांगी भाजून भरीत करायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि मॅडम जेवल्या की तिला बरं वाटायचं.

असंच एकदा त्या जेवायला बसल्या असताना मी विचारलं, आखाताचं पुढे काय झालं. त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, तिथं आता मोठी जहाजं यायची आहेत. त्यासाठी वाट खोल करतायत. तळ उपसून काढलाय, त्या वाळूच्या उंचवट्यासकट. मोठाली यंत्रं लावली, रात्रंदिवस. गाळ बाहेर नेऊन टाकला.

"कुठे?" मी विचारलं.

"लांब. समुद्रातच, पण लांब." मग म्हणाल्या, "आमच्या नळ्यासुद्धा कुठं आहेत आता, मला माहीत नाही. त्या खोलीत दुसरं ऑफिस आलंय."

माझा घास हातातच राहिला. मॅडमनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण माय भाकरी घेऊन चुलीपासून वळली होती. आमचे चेहरे बघून तिने मला विचारलं, "काय सांगस ती?"

"काम चालू शे म्हनस तठलं," मी म्हणाले.

"चांगलं शे," माय म्हणाली, आणि मॅडम नको नको म्हणत असताना त्यांच्या ताटात अर्धी भाकरी मोडून वाढली.